अबुधाबीत निंबसरचं सुतक

विमान दुबईवर आलं तेव्हा मी खिडकीतून खाली बांध शोधत होतो. जन्मभर मोजणी खात्यात नोकरी केली, लोकांच्या शेतांतून साखळ्या ओढल्या, त्यामुळे जमीन दिसली की माझी नजर आधी हद्दीवर जाते. खाली नुसती वाळू होती आणि मग एकदम इमारती. मधे ना बांध, ना कुंपण, ना हद्दीचा दगड. एवढ्या मोकळ्या जमिनीवर कुणाचंच भांडण नसेल यावर माझा विश्वास बसला नाही. शेजारच्या प्रवाशाने हसून विचारलं, "फर्स्ट टाइम?" मी हो म्हणालो आणि खिशातलं पाकीट चाचपून पाहिलं.

घरी सगळ्यांना सांगितलं होतं की मी पुतण्याकडे फिरायला चाललोय. ते अर्धं खरं होतं. पुतण्या निखिल शारजात राहतो आणि त्याची धाकटी बहीण सई त्याच्याच घरी राहून दुबईत नोकरी करते. सईला लग्न करायचं आहे, आणि मुलगा नेमका आमच्या निंबसरच्या धाकट्या पातीचा निघाला. म्हणून माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे सईच्या वडिलांनी, अण्णाने, मला निघताना बजावलं होतं, "इमारती बघ, समुद्र बघ, काय ते सगळं बघ. पण माणसं नीट बघ. ती काय बोलतात ते सोड, काय करतात ते बघ." थोडक्यात, मी पाहुणा होतो आणि हेरही.

निंबसर सगळ्यांना माहीत असायचं कारण नाही, म्हणून सांगतो. आमच्याकडे देशमुखांच्या दोन पात्या, म्हणजे शाखा, आहेत. आम्ही थोरले, वरच्या गावात. ते धाकटे, खालच्या गावात. मधे नदी. काही शतकांपूर्वी, सुलतानांच्या अमलात, लाडाईसाहेब नावाची एक देशमुखीण निपुत्रिक वारली, तिच्या वतनावरून युद्ध झालं, आणि ते युद्ध आमच्या मते अजून संपलेलं नाही. आम्ही लाडाईसाहेबांच्या दिराचे वंशज. ते तिच्या माहेरच्या भाच्याचे. त्यांचं म्हणणं, बाईने भाच्याला रीतसर दत्तक घेतलं होतं, म्हणून तेही देशमुखच, आमचे भाऊबंद. आमचं म्हणणं, दत्तक वगैरे काही झालं नाही, ते उपरे.

हा वाद आता कोर्टात नाही, सुतकात आहे. आमच्याकडे कुणी गेलं की खालच्या गावात दहा दिवस सुतक धरतात. देव झाकलेले, दिवा नाही, गोड नाही, पुरुषांच्या दाढ्या वाढलेल्या. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नसतो, पण सुतक चोख. कारण सुतक धरलं की भाऊबंदकी सिद्ध झाली. आणि त्यांच्याकडे कुणी गेलं की आम्ही मुद्दाम त्या दिवशी पुरण घालतो, वास नदीपलीकडे जाईल इतकं. चांगली गोष्ट नाही, पण आमच्यात आहे.

तर सईने लग्नाचं काढल्यावर अण्णा फोनवर म्हणाला, "भाऊबंदांत सोयरीक होत नाही."

"पण बाबा," सई म्हणाली, "ते भाऊबंद नाहीत असं तुम्हीच म्हणता ना?"

अण्णाने जन्मात असा मार खाल्ला नव्हता. दोन दिवस तो कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने तोड काढली. "ठीक आहे. भाऊबंद नाहीत ना? मग मुलाच्या घरच्यांनी आमचं सुतक धरायचं सोडावं. ज्या दिवशी सोडतील त्या दिवशी मी हौसेने अक्षता टाकीन." अण्णाला खात्री होती की ती माणसं प्राण सोडतील, पण सुतक सोडणार नाहीत.

विमानतळावर निखिल आला होता. "काका, यल्ला, लवकर बसा, इथे पार्किंगचा मीटर धावतो," म्हणत त्याने मला गाडीत कोंबलं. शारजाच्या वाटेवर इतक्या गाड्या होत्या की मला वाटलं पुढे अपघात झालाय. तो म्हणाला, हे रोजचंच. त्याचं घर अल मजाज भागात, खालिद तलावाच्या काठच्या एका उंच इमारतीत. तलाव म्हणजे समुद्राचंच आत घुसलेलं पाणी. संध्याकाळी काठाकाठाने बायका, पोरं, म्हातारे चालत होते आणि त्यांतले निम्मे आपलेच वाटत होते. निखिलच्या मुलाला, आरवला, नमस्कार करायला सांगितलं तर तो म्हणाला, "हाय आजोबा. डिड यू सी द विंग फ्रॉम इनसाइड?" मी पाहिला होता पंख. तो थरथरत होता आणि ते कुणाच्याच लक्षात येत नव्हतं.

जेवण झाल्यावर सई मला तलावाकाठी घेऊन गेली. बाकावर बसल्याबसल्या म्हणाली, "काका, मी सरळ बोलते. तुम्ही इन्स्पेक्शनला आलाय, मला माहितीये."

"फिरायला आलोय."

"ओके. मग मी फिरवते." तिने पाय बाकावर घेतले. "रजिस्टर मॅरेज करायचं असतं तर कधीच खलास झालं असतं. पण मला मांडवात दोन्ही गावं हवीयेत. ते होत नसेल तर मी लग्नच करणार नाही. त्याच्याशी नाही आणि दुसऱ्या कुणाशीही नाही. बाबांना वाटतंय मी थ्रेट देतेय. तुम्हाला काय वाटतं?"

मला वाटत होतं की ती खरं बोलतेय, आणि त्याचीच मला भीती वाटली. अण्णा हट्टी आहे, पण ही अण्णाची मुलगी आहे.

दुसऱ्या दिवशी मी माझी चौकशी सुरू केली. मुलाचे वडील, जयसिंगराव, अबुधाबीत एका तेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्यांना भेटायचं पुढच्या आठवड्यात ठरलं होतं. त्याआधी आजूबाजूने माहिती काढावी म्हणून मी टॅक्सी करून अल कुसैसला गेलो. तिथे आपल्याकडच्या कामगारांची एक मेस आहे असं ऐकलं होतं. टॅक्सीवाला एका पुलावरून गेला आणि पुन्हा त्याच पुलाखालून आला. मी म्हणालो, "भाईसाब, ये तो वही पुल है." तो म्हणाला, "चाचा, एग्झिट छूट गया, माफ करना," आणि त्याने मीटर तिथेच बंद केला. एवढा चांगुलपणा दाखवतोय म्हणजे आधीच जास्त घेतले असणार असा मी हिशेब केला. तसं काही नव्हतं, हे निखिलने रात्री सांगितलं.

मेसमध्ये साताऱ्याकडची आणि कोकणातली मिळून बरीच माणसं जेवत होती. भात, माशाची आमटी, एकीकडे भाकरीही. मी एकाशेजारी बसलो आणि सहज विचारावं तसं विचारलं, "निंबसरचे जयसिंगराव देशमुख माहीत आहेत का?" त्याचा घास हातात राहिला. "तुम्ही कोन?" त्याने विचारलं. मी म्हणालो, गाववालाच. "गाववाला कशाला इचारत फिरतोय मग?" समोरचा म्हणाला. हळूहळू सगळं टेबल माझ्याकडे बघायला लागलं. शेवटी एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "साहेब चांगला मानूस हाय. आमच्या गनपतीला येतात." बाजूचे दोघंही म्हणाले, "साहेब चांगला मानूस हाय." सगळे साक्षीदार एकच वाक्य बोलायला लागले की साक्ष पढवलेली असते, हे मी बांधावर उभं राहून शिकलोय. पण त्या माणसांनी तोवर मलाच कुठल्या तरी कर्जवसुलीवाल्याचा माणूस ठरवलं होतं, आणि मला वाढणाऱ्याने दुसऱ्यांदा भात विचारला नाही.

शुक्रवारी सई आणि तो मुलगा, रोहन, मला उत्तरेला रास अल खैमाकडे घेऊन गेले. रोहन दिसायला चांगला, बोलायला मऊ. भेटताच वाकून नमस्कार केला, माझी पिशवी घेतली, पाण्याची बाटली झाकण सैल करून दिली. एवढी सेवा कुणी उगीच करत नाही. मी पिशवी परत घेतली.

त्या बाजूला वाळू संपून एकदम उघडे, राखी डोंगर सुरू होतात. खाली खजुराच्या बागा आणि टेकडीच्या टोकावर मातीची जुनी गढी. चढताना माझा दम गेला, पण वर पोचल्यावर मी बसलो नाही, उभाच राहिलो. दोन बुरूज, मधे पडक्या भिंती, खाली हिरवा पट्टा आणि पलीकडे समुद्र. आमच्या निंबसरच्या गढीचा नुसता पाया उरलाय, त्यावर आता बाभळी आहेत. ही गढी बघताना मला ती पहिल्यांदा उभी दिसली.

उतरल्यावर खजुराच्या सावलीत एक म्हातारा स्थानिक गृहस्थ सतरंजी टाकून बसला होता. त्याने हात करून बोलावलं. त्याला हिंदी बरी येत होती. त्याने खजूर पुढे केले आणि चोचीच्या किटलीतून गहवा (वेलदोडा घातलेली कडू कॉफी) इवल्याशा बिनकानाच्या कपात ओतला. मी संपवला की तो लगेच पुन्हा ओतायचा. पाच-सहा कप झाल्यावर माझी खात्री झाली की हा नंतर सगळ्याचे पैसे मागणार. सई हसून म्हणाली, "काका, पुरे असेल तर कप हलवून द्यायचा. नाही हलवला की अजून हवं असा मीनिंग होतो." मी कप हलवला तेव्हा त्यानेही हसून किटली खाली ठेवली. पैसे त्याने मागितले नाहीत.

मग गढीवरून विषय निघालाच, आणि मी लाडाईसाहेबांची गोष्ट सांगितली. हिंदीत, जमेल तशी. तिचा नवरा लढाईत पडला तेव्हा सुलतानाचा अंमलदार वतन जप्त करायला आला. बाईने गढीचा दरवाजा लावून घेतला आणि अंमलदाराला दमवून वतन स्वतःच्या नावावर टिकवलं. म्हातारपणी तिने माहेरचा भाचा जवळ आणून ठेवला. इथपर्यंत दोन्ही गावं एकच गोष्ट सांगतात. पुढे वाट फुटते. खालचं गाव म्हणतं, बाईने देवीसमोर पोराला ओटीत घेतलं आणि पंचांना विडे दिले. वरचं गाव म्हणतं, पोर तापाने फणफणलं होतं म्हणून बाईने त्याला नुसतं मांडीवर घेतलं, आणि पंचांनी फुकटचे विडे खाल्ले.

बाई गेली त्याच दिवशी दिराने गढीला वेढा घातला, कारण जो अग्नी देईल तो वारस. भाच्याने दरवाजा बंद ठेवून गढीच्या आवारातच चिता रचली. दिराची माणसं भिंत फोडून आत घुसली. अग्नी आपणच दिला असं दोन्ही गावं सांगतात. त्यानंतर नदीच्या उतारावर, जिथून पायी ओलांडता येते तिथे, लढाया झाल्या. पावसाळ्यात थांबायच्या, दसऱ्याला पुन्हा सुरू व्हायच्या. माणसं किती मेली याचा पत्ता नाही. शेवटी गढी जळाली आणि वरून हुकूम आला की वतन अर्धं-अर्धं, नदी ही हद्द. ज्याने हा हुकूम दिला त्याला मोजणीतलं काही कळत नसणार. नदीसारखी वाईट हद्द नाही, ती दर पुराला सरकते.

"आमच्याकडे सांगतात की ताप वगैरे..." रोहनने सुरुवात केली.

"तुमच्याकडे काय सांगतात ते मला पाठ आहे," मी म्हणालो. सईने माझ्याकडे असं पाहिलं की मला खजुराची बी गिळावीशी वाटली.

म्हाताऱ्याने विचारलं, "वो औरत कब मरी?"

"चार-पाँच सौ साल हुए होंगे."

"और अभी तक दफ़न नहीं हुई?" तो म्हणाला. खरंच विचारत होता की काय कोण जाणे. मी उठलो.

परतीच्या वाटेवर निखिलचा फोन आला. गावी नाना गेले. नाना आमचे सख्खे चुलते. वय झालं होतं, पण मी निघताना ते दारात उभे होते आणि काठी उगारून म्हणाले होते, "त्या खालच्यांच्या घरचं पाणी पिऊ नको." थोरल्या पातीत त्यांच्याएवढा कडवा माणूस नव्हता. जत्रेत खालच्या गावाची पालखी आली की ते तोंड फिरवून बसायचे. रोहन गाडी चालवत होता, त्याने रेडिओ बंद केला.

घरी पोचेपर्यंत सूनबाईने, निखिलच्या बायकोने, देवांवर कापड टाकलं होतं. अण्णाचा फोन आला. परत येऊ का, मी विचारलं. "अंत्यविधी झाला. येऊन काय करशील? तुझं तिकीट तेराव्याचंच आहे, तोवर राहा," तो म्हणाला. मग त्याचा आवाज खाली आला. "हे बघ, बातमी खालच्या गावातून जयसिंगरावालाही कळलीच असेल. ठरल्याप्रमाणे अबुधाबीला जा. देवघरात दिवा आहे का बघ. दाढी केलीय का बघ. गोड देतात का बघ, आणि तो स्वतः खातो का, तेही बघ."

"अण्णा, नाना गेलेत. सुतकात कुणाच्या घरी जायचं?"

"माहीत आहे. त्यांच्या तोंडात तुळशीपान मीच ठेवलं." त्याने नाक ओढलं. "नाना असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. परमुलखात चालतं. जा."

सईने मला गाडीने अबुधाबीला नेलं आणि वाटभर नजर रस्त्यावरच ठेवली. रस्ता सरळ, दोन्हीकडे वाळू आणि पाणी देऊन जगवलेली झाडं. अबुधाबी दुबईपेक्षा शांत वाटलं. इमारतीखाली रोहन उभा होता. सई गाडीतून उतरलीच नाही. "मी वर नाही येत काका. तुम्ही बघा काय बघायचं ते," ती म्हणाली, आणि ती दोघं समुद्राच्या बाजूला निघून गेली.

लिफ्टचं दार उघडलं तसा उदबत्तीचा वास आला. जयसिंगरावांच्या घराचं दार उघडंच होतं. समोर देवघर, त्यात एक सोडून दोन समया, देवांना टवटवीत हार. अति तिथे माती, मला वाटलं. आठवड्याच्या मधल्या वारी एवढी पूजा कोण करतं? जयसिंगराव पुढे आले. माझ्याहून थोडे लहान, अंगाने भरलेले, दाढी घोटून केलेली. हनुवटीवर ताजा काप होता, त्यावर तुरटी लावल्याची पांढरी खूण. म्हणजे दाढी आत्ताच, माझी गाडी खाली दिसल्यावर केलेली. माझ्या स्वतःच्या गालांवर खुंट वाढले होते. दोघंही एकमेकांच्या हनुवटीकडे बघत बसलो.

त्यांच्या पत्नी, उमाताई, चहा घेऊन आल्या. "तात्यासाहेब, प्रवास ठीक झाला ना?" जयसिंगरावांनी विचारलं आणि चहात दोन चमचे साखर घालून ढवळली. तेल, ऊन, निखिलची नोकरी असं इकडचं तिकडचं बोलणं झालं. नानांचं नाव कुणी काढलं नाही. मग उमाताईंनी दोन वाट्या आणून ठेवल्या. केळं घातलेला शिरा, वर तूप. "गरम आहे, घ्या," म्हणाल्या आणि चटकन आत गेल्या.

मला सुतक, मी गोड खाणार नव्हतो. मी नुसतं त्यांच्या हाताकडे बघत होतो. त्यांनी चमचा उचलला, वाटीत फिरवला, शिरा एका बाजूने सपाट केला, मग दुसऱ्या बाजूने. चमचा तोंडाकडे काही जाईना.

"घ्या की," मी म्हणालो.

"शुगर आहे मला," ते म्हणाले.

"चहात तर दोन चमचे घातले."

चमचा थांबला. मी मनात म्हणालो, सापडला. दिवा खोटा, हार खोटे, दाढी खोटी. आतून सुतक धरून बसलाय, पोराच्या लग्नापुरतं नाटक. लग्न लागलं की पुन्हा आमच्या तिरड्यांवर हक्क सांगायला मोकळा. मला आनंद झाला, हे लपवत नाही. चौकशीत खोट सापडली की मला होतोच.

जयसिंगरावांनी वाटी खाली ठेवली. "आमच्या वडिलांनी तुमच्याकडची सगळी सुतकं हक्क म्हणून धरली," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू. पण नानांचं मी तसं नाही धरलं. नानांनी मला पोहायला शिकवलं."

मी हसलोच. "नानांनी? तुम्हाला?"

"मी आठ-नऊ वर्षांचा असेन. उताराजवळ बुडत होतो, त्यांनी केसाला धरून काढलं. मग रोज पहाटे यायचे, कुणी उठायच्या आत. कमरेला भोपळा बांधायचे. म्हणायचे, कुणाला सांगशील तर मीच बुडवीन."

मी मोजणीवाला. माणूस रडायला लागला तरी मी आधी खूण तपासतो. "भोपळा कुठे ठेवायचे नाना?" मी विचारलं.

"उंबराच्या ढोलीत. दोन होते. मोठा आणि लहान."

त्या ढोलीतला मोठा भोपळा नानांनी माझ्या कमरेला बांधला होता. लहान मी किती वेळा मागितला, तो कधी दिला नाही. "तो तुझ्या मापाचा नाही," एवढंच म्हणायचे. तो कुणाच्या मापाचा आहे, हा प्रश्न मला म्हातारपणापर्यंत पडलेला होता.

"एकदा मी विचारलं," जयसिंगराव म्हणाले, "नाना, आम्ही तुमचे कुणी नाही ना, मग का शिकवता? तर म्हणाले, तू बुडालास तर मला सुतकसुद्धा धरता येणार नाही. त्यापेक्षा पोहायला शीक." त्यांनी डोळे पुसले, तेही घाईने, आतून कुणी बघेल म्हणून. "आता रोहनसाठी सकाळी मी दिवा लावला. दाढी केली. तेवढं जमलं. हे काही गिळवत नाही. तुम्ही अण्णांना खरं तेच सांगा. मी तुम्हाला खोटं बोला म्हणणार नाही."

आत उमाताईंच्या बांगड्या वाजल्या. त्या दाराशीच उभ्या असणार. नाना असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं, असं अण्णा म्हणाला होता. मला वाटलं, नाना काय म्हणाले असते ते अण्णालाही माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं.

मी माझी वाटी उचलली आणि शिरा खाल्ला. नानांना जाऊन आठवडाही झाला नव्हता आणि मी केळं घातलेला गोड शिरा चमच्याने खात होतो. मग हात लांब करून त्यांच्यापुढची वाटी ओढली आणि तीही संपवली. तळाशी तूप होतं, ते बोटाने पुसून घेतलं. रिकामी वाटी पुन्हा त्यांच्यापुढे ठेवली. जयसिंगराव बघत राहिले. माझे सख्खे चुलते गेले होते आणि त्यांच्यासाठी माझ्याआधी रडला तो खालच्या गावचा माणूस होता, याची मला लाज वाटली. आणि मग मलाही रडू आलं.

उमाताई बाहेर आल्या. दोन रिकाम्या वाट्यांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या दाढीच्या खुंटांत रवा अडकला होता. त्यांनी काही न बोलता कागदी रुमाल पुढे केला.

खाली सई गाडीला टेकून उभी होती. "झालं इन्स्पेक्शन?" तिने विचारलं. मी म्हणालो, "शिरा चांगला होता." ती माझ्याकडे संशयाने बघत राहिली. आमच्या घराण्याचंच रक्त.

उरलेले दिवस मी तलावाकाठी फिरून काढले. निघताना आरव म्हणाला, "आजोबा, कम अगेन, ओके?" विमान वर चढलं तेव्हा मी पुन्हा खिडकीतून खाली पाहिलं. या खेपेला हद्द शोधली नाही. इतकी वर्षं मी लोकांना त्यांची जमीन कुठे संपते ते दाखवत आलो. नाना मात्र पहाटे अंधारात हद्दीच्या मधोमध, कमरेएवढ्या पाण्यात उभे राहायचे, आणि एका घरात जेवून, एका मांडवात बसून मला ते कधी दिसलं नाही.

तेराव्याच्या सकाळी घरी पोचलो. आंघोळ करून चहाला बसलो तर अण्णा समोर येऊन बसला. "दिवा होता?"

"दोन समया होत्या."

"दाढी?"

"घोटून केलेली."

"गोड दिलं? खाल्लं त्याने?"

मी साखरेचे दोन चमचे कपात घातले आणि ढवळत म्हणालो, "वाटी रिकामी होती."

अण्णाने माझ्या कपाकडे पाहिलं. इतक्या पिढ्यांची लढाई जिंकलेल्या माणसाचा चेहरा असतो तसा त्याचा नव्हता. थोडा ओकाबोका होता. "म्हणजे नानांचं सुतक त्याने धरलं नाही," तो म्हणाला आणि उठला.

दुपारी तेराव्याचं गोडाचं जेवण. पंगत बसली. सुतक फिटलं, आता सगळ्यांनी गोड खायचं. नानांच्या फोटोसमोर पान ठेवलं. वाढपी शिरा घेऊन आला, माझ्या पानावर डाव वाकवणार तोच मी हात आडवा धरला. अबुधाबीत गोड खाऊन मोडलेलं नानांचं सुतक मला अजून भरून काढायचं होतं.

शेजारून अण्णाने विचारलं, "का रे? आता का नको?"

"शुगर आहे मला," मी म्हणालो.

अण्णाने माझ्याकडे पाहिलं. मग नानांच्या पानाकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे, आणि या खेपेला बराच वेळ. चहातले दोन चमचे त्यानेही पाहिले होते, आणि काही झालं तरी तो माझा भाऊ आहे. त्याने आपल्या पानातला शिऱ्याचा घास उचलला, तो तसाच हातात ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाला,

"लग्नात तरी खाशील ना?"